प्रल्हाद नावाचा ड्रायव्हर

आदरणीय वकील साहेब,

जय भीम.

तुम्ही जाऊन चार महिने झाले आणि मी आज लिहायला बसले. म्हणून आठवण आजच आली असं समजू नका. आठवण रोज यायची, पण चांगली यायची नाही. उद्या रविवारी मिलच्या बायकांची मीटिंग आहे आणि त्याआधी मला तुमच्याशी बोलून घ्यायचं आहे. समोर बसून बोलायची सोय तुम्ही ठेवली नाही, म्हणून हा कागद.

सरळच सांगते. चार दिवसांआधीपर्यंत मी तुम्हाला विकला गेलेला माणूस समजत होते. तुमच्या मयतीला आसेगावला आले होते, तेव्हाही तेच समजत होते. मागं उभी राहून मिलकडून कोण कोण आलं ते पाहत होते. मिलचा वकील आला, तुमच्या पायाशी उभा राहून रडला, आणि मी मनात म्हटलं, बघा, पाणी इथंच मुरत होतं. माणूस मेल्यावर कोणी असा विचार करतं का?

पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत होता. एका डॉक्टरनं दिलेली गोळी मी दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय घेत नाही. दुकानदारानं दिलेलं तेल शेजारणीच्या तेलाशी लावून पाहते. माझा नवरा म्हणतो, "तुले तं सख्ख्या मायवरही भरोसा नाई." बायकांनी मला युनियनची सेक्रेटरी केलं ते याच गुणावर. हिला कोणी फसवणार नाही, असं गयाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. गयाबाई आमच्या अध्यक्ष, वयानं सगळ्यात मोठ्या, त्यांच्या शब्दाला कोणी नाही म्हणत नाही.

पहिल्या दिवशी तुमच्या वाशिमच्या ऑफिसात आलो ते आठवतं? चौतीस जणींचं काम, म्हणून तिघीच आलो होतो. गयाबाई, खजिनदार शोभा आणि मी. मालेगावच्या त्या दालमिलमध्ये डाळ निवडण्यात आणि पोती शिवण्यात कोणाची बारा वर्षं गेली होती, कोणाची पंधरा. एक दिवस मालकानं सगळ्यांना ठेकेदाराच्या कागदावर टाकलं आणि म्हणाला, तुम्ही आमच्या नाहीच. तुम्ही अकोल्याच्या कोर्टात केस टाकली. सुरुवातीलाच 'जैसे थे'चा हुकूम आणलात, म्हणजे केस चालू आहे तोवर एकीलाही कामावरून काढायचं नाही. आम्ही हार घेऊन आलो तर तुम्ही तो हातात घेतला आणि खुंटीला अडकवून ठेवला. म्हणालात, अजून काही झालं नाही.

सुरुवातीला तुम्ही सगळं सांगायचे. कोणता कागद मागायचा, कोणाची साक्ष घ्यायची, सगळं. मी मान हलवायची आणि मालेगावला परतले की विलासला विचारायची. विलास माझा मावसभाऊ. मिलमध्ये हजेरी लिहितो. मिलचं मीठ खातो, पण रक्त तर आपलं आहे, असा माझा हिशेब. तुम्ही म्हणालात की मिलकडून जुनी हजेरीबुकं मागवू, त्यात तुमची नावं मिलच्या कामगार म्हणून सापडतील. मी विलासला एवढंच विचारलं, अशी बुकं असतात का रे? पुढच्या तारखेला मिलनं लिहून दिलं, जुनी बुकं पावसात भिजून खराब झाली. तेव्हा माझ्या मनात काय आलं असेल? तुम्हीच त्यांना आधी सांगितलं, हे आलं. दुसरं काही आलंच नाही.

मग तारखा सुरू झाल्या. मालेगावहून एस.टी.नं अकोल्याला जायचं, कोर्टाच्या बाकावर बसायचं आणि पुढची तारीख घेऊन परत यायचं. तुमच्या सबबी मी वहीत लिहून ठेवत होते. ताप, फाइल वाशिमला राहिली, दुसऱ्या कोर्टात काम. तुमची आत्या वारली. मग सात महिन्यांनी पुन्हा आत्या वारली. वही चाळून पाहिली तर गावही तेच. एका आत्याला तुम्ही दोनदा मारलं, साहेब! त्या दिवशी मी शोभाला म्हटलं, हा माणूस कोर्टात एवढं खोटं बोलतो, तर आपल्याशी खरं बोलत असेल कशावरून?

वर तुमचा तो चहा. दर तारखेला मिलच्या वकिलाबरोबर कँटीनमध्ये, एकाच बाकावर, हसत खिदळत. आमच्या पोटावर पाय देणाऱ्याचा वकील, आणि तुम्ही त्याला बिस्कीट पुढं करत होतात. सुतावरून स्वर्ग गाठायला मला एवढं पुष्कळ होतं.

आणि मग प्रल्हाद. तुम्ही मला एकटीला बोलावलंत, दार लोटून घेतलंत आणि हळू आवाजात म्हणालात की प्रल्हाद नावाचा एक जुना ड्रायव्हर आहे, मिलचा टेम्पो चालवायचा, बायकांना मालकानं स्वतः कामावर घेतलं हे तो कोर्टात सांगणार आहे. कोणाजवळ बोलू नका. मी नाही बोलले. शपथेवर सांगते, गयाबाईंना नाही, शोभाला नाही, नवऱ्यालाही नाही. फक्त विलासला विचारलं की प्रल्हाद नावाचा ड्रायव्हर होता का कधी मिलमध्ये. विलास डोकं खाजवून म्हणाला, मले तं नाई आठवत. झालं. मी ठरवून टाकलं की तुम्ही खोटा साक्षीदार उभा करून आमची केस बुडवणार.

त्यानंतर तुम्ही बोलणंच सोडलं. काहीही विचारलं तरी एकच उत्तर, पुढच्या तारखेला पाहू. ज्याच्या मनात पाप नाही तो गप्प काहून राहील? हे मी तीस-तीस बायकांसमोर बोलले आहे.

गयाबाईंच्या अंगणात मीटिंग झाली, तिथं मी उभी राहिले आणि म्हटलं, "बायांनो, कुंपणानंच शेत खाल्लं." वकील बदलायचा ठराव माझा होता. नवीन वकील लावायचा तर जुन्याची ना हरकत लागते, म्हणून तो कागद घेऊन तुमच्याकडे मीच आले. तुम्ही वाचलात. चष्मा काढून पुसलात. खाली 'हरकत नाही' असं हातानं लिहून सही केलीत. मी भांडणाच्या तयारीनं आले होते आणि तुम्ही विचारलं, चहा घेता का. मी नाही म्हटलं. जाताना दारापर्यंत आलात आणि म्हणालात, "नव्या वकिलाले एवढं सांगा, घाई करू नका म्हणा."

मला तो शेवटचा पुरावाच वाटला. जाता जाताही तारखाच मागून राह्यला हा माणूस!

अकोल्याचे नवे वकील मोठे चपळ. तीन तारखांत केस संपवली. निकाल आला की या बायका मिलच्या आहेत याचा कागद नाही. केस गेली आणि तिच्याबरोबर जैसे थे गेलं. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस यादी घेऊन फाटकात उभा होता. चौतीसच्या चौतीस बाहेर. आता सोयाबीनची सोंगणी असली तर आम्हाला काम, नसली तर घरी. गयाबाई या वयात लोकांच्या वावरात तण निंदायला जातात. तरी बायका शिव्या तुम्हालाच देतात. पहिल्यानं विकलं, दुसऱ्यानं बुडवलं, असं म्हणतात. मी ऐकून घेत होते. खरं तर ते त्यांना शिकवलं मीच.

मागच्या आठवड्यात तुमच्या हाताखालच्या मनीषा मॅडमचा फोन आला. तुम्ही सरकारी ऑफिसात मागितलेला जुना तपासणीचा कागद आता मिळाला आहे म्हणाल्या. त्यात आमच्यातल्या बऱ्याच जणींची नावं मिलच्या कामगार म्हणून आहेत. नागपूरच्या वरच्या कोर्टात जाता येईल, पण लवकर, आणि सगळ्यांच्या सह्यांचं नवं वकीलपत्र लागेल. बायकांना विचारलं तर एकही तयार नाही. शोभा म्हणाली, "आता कोन्याच वकिलाले सही नाई. मेलेल्याच्या माणसाले तं मुळीच नाई."

मलाही वाटलंच, या मॅडमला एवढी कळकळ कशाची? म्हणून पाहायला वाशिमला गेले. त्यांनी निळी फाइल माझ्यापुढं ठेवली आणि त्या चहा करायला आत गेल्या. फाइल उघडली तर सगळ्यात वर तुमच्या डायरीचं एक पान. ते वर आपोआप आलं की मॅडमनी मुद्दाम ठेवलं, मला अजून कळलेलं नाही.

तुमचं तुम्हाला आठवत असेल, तरी लिहिते.

"प्रल्हाद ड्रायव्हर. फक्त सुनंदाबाईंना सांगितलं. असा माणूस नाहीच. पाचव्या दिवशी चहा पिताना समोरच्या वकिलानं विचारलं, तुमचा प्रल्हाद कोण? म्हणजे बाईंकडून जातं. बाई विकल्या गेलेल्या नाहीत. खात्री करत फिरतात. यापुढे कोणालाच काही सांगायचं नाही. केस कच्ची आहे हे तर नाहीच. कागद हाती येईपर्यंत तारखा घ्यायच्या, जैसे थे टिकवायचं. बाईंवर रागावू नये."

मी तीनदा वाचलं. मग काय केलं सांगू? पिशवीतून तुमच्या ना हरकतीची झेरॉक्स काढली आणि अक्षर जुळवून पाहिलं. तिथंही. जुळलं, तेव्हा मला रडू आलं. मॅडम चहा घेऊन आल्या, तेव्हा ते पान मी त्यांच्याकडून मागून घेतलं.

मालेगावला उतरून विलासकडे गेले. भांडायला गेले होते, पण जमलं नाही. त्यानं काही लपवलं नाही. म्हणाला, "तू इचारे तं मी तुले सांगो. मालक इचारे तं त्याले सांगो. पोटात ठेवीन असं मी तुले कवा म्हटलं होतं?" खरंच कधी म्हटलं नव्हतं. सगळ्या दुनियेवर संशय घेतला, साहेब, एका त्याच्यावर घेतला नाही. आणि दुसरी मी स्वतः.

पण माझी तुमच्यावरही तक्रार आहे. तुम्हाला कळलं होतं ना? मग बोलला का नाहीत? त्यानंतर किती वेळा मी तुमच्यासमोर बसले, तुम्ही माझी, पोरांची विचारपूस केलीत, आणि मनात मला बाजूला काढून ठेवलं होतं. रागावू नये! हा मोठेपणा तुम्हाला कोणी मागितला होता? एकदा गयाबाई आणि शोभासमोर मला झापलं असतं, की बाई, तुमच्या तोंडामुळं केस मरते आहे, तर मी आठ दिवस जेवले नसते, पण चौतीस जणी आज फाटकाच्या आत असत्या. मी संशय घेत फिरले ते वाईट. तुम्ही संशय घेतला, तो खरा निघाला आणि पोटात ठेवला, ते चांगलं कसं? आणि खरं सांगा, ना हरकतीवर सही करताना मनात कुठं सुटल्यासारखं वाटलं नव्हतं? मला वाटतं, वाटलं असेल. या बाबतीत माझा अजूनही तुमच्यावर भरोसा नाही.

तर उद्याचं. तुम्ही विकले गेला नव्हता हे कळल्याशिवाय बायका मॅडमच्या वकीलपत्रावर सही करणार नाहीत. आणि ते त्यांना कळायचं तर हे पान वाचावं लागेल. दुसरा पुरावा नाही.

चार दिवस पान माझ्याजवळ होतं. त्या चार दिवसांत मी काय काय विचार केला ते तुम्हाला सांगायला नको. हरवलं म्हणावं. किंवा अर्धंच वाचावं. 'बाई विकल्या गेलेल्या नाहीत' हे मोठ्यानं वाचावं आणि वरचं गिळून टाकावं. माझ्यानं ते झालं असतं. मला मी चांगली माहीत आहे.

म्हणून आज सकाळी शोभाच्या घरी गेले. सेक्रेटरी व्हायचं होतं तिला, झाले मी, तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतीच बोलते. तिच्या हातात ते पान दिलं आणि म्हटलं, उद्या तू वाच, पहिल्या शब्दापासून शेवटल्यापर्यंत. तिनं उंबऱ्यातच उभ्या उभ्या वाचलं. मग मला विचारलं,

"हे वाचल्यावर बाया तुले मीटिंगीत बसू देतीन काय?"

"नाई देनार," मी म्हटलं. "पन सह्या करतीन."

तिनं पान घडी करून पोलक्यात ठेवलं. आता ते मी परत मागितलं तरी ती देणार नाही, म्हणून तर तिला दिलं.

साहेब, तुमच्या पायाशी यायला तोंड नाही, म्हणून इथूनच एक वचन देते. सेक्रेटरीपद उद्या जाईल, जाऊ दे. बायकांनी करू दिली तर वकीलपत्रावर शेवटची सही माझी असेल. मनीषा मॅडम तारखा घेतील, गप्प राहतील, मिलच्या वकिलाबरोबर चहा पितील. त्यांनी मला काहीच सांगितलं नाही, तर मी कोणालाही विचारणार नाही. त्यांनाही नाही.

तुमची,
सुनंदा
मालेगाव