मेक्सिकन व्रत

सोमवार, २८ जुलै
श्रावण लागला. मासे बंद. काल पुन्हा काळ्या वाटाण्याची उसळ. विनीताला (सौ.) स्पष्ट सांगितलं: उभी हयात मुंबईत नोकरी केलेल्या माणसाला जामसंड्यात रोज हेच जेवायला वाढणं अन्याय आहे. सुशांतने (चिरंजीव, ठाण्यात असतो) गाडीने पाठवलेला थर्माकोलचा खोका नांदगाव स्टेशनवरून आणला. फ्रोझन मेक्सिकन जेवण, प्युअर व्हेज. श्रावणभर हेच जेवणार, असं जाहीर केलं.
विनीता म्हणाली, ‘बघा हां. माझ्याकडे मागूचा नाय मगे.’
माझा शब्द म्हणजे शब्द.

मंगळवार, २९ जुलै
पहिला डबा. मायक्रोवेव्हमध्ये गरम करा, असं लिहिलंय. तो आमच्याकडे नाही. मोदकपात्रात वाफवला. कडेला चटका, मध्ये बर्फ. राजमा, मका, भात, वर काहीतरी पिवळं, ताणलं जाणारं. चव इंटरनॅशनल. पोट हलकं वाटतं. फारच हलकं.
स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला. खिडकी लावून घेतली.

शुक्रवार, १ ऑगस्ट
दिवसभर लाईट नाही. डबे खराब होणार म्हणून आनंद... वाईट वाटलं. पण विनीताने ते आधीच शेजारच्या हरिश्चंद्रच्या बर्फाच्या पेटीत नेऊन ठेवले होते. त्याची बोट आहे. तिला माझी किती काळजी!
संध्याकाळी डब्याला बांगड्याचा वास येत होता. श्रावणात वास चालतो का? चालत असावा. बराच वेळ घेतला.

सोमवार, ४ ऑगस्ट
लोणचं मागितलं. विनीताने विचारलं, मेक्सिकोत लोणचा खातत? माहीत नाही. मिळालं नाही.
नाक्यावर दोघांनी नमस्कार केला. हरिश्चंद्रच्या आईने, काशीबाईने, मी कडक व्रत घेतलंय असं गावभर केलंय. दुरुस्त करणार होतो. पण समोरच्याची श्रद्धा मोडणं बरं नव्हे.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
हरिश्चंद्रकडे सत्यनारायण. सकाळपासून काही खाल्लं नाही. मुद्दाम. पंगतीत पहिला बसलो. वरण-भात, वड्या, खीर, आणि हो, काळ्या वाटाण्याची उसळ. माझ्यापुढे पान आलं, पण रिकामं. काशीबाई स्वतः माझा डबा वाफवून घेऊन आली. ‘जितू, तुझा व्रत मी मोडूक देवचंय नाय!’ सगळी पंगत कौतुकाने बघत होती. राजमा गिळला. डोळ्यांत पाणी आलं. लोकांना ती भक्ती वाटली.
विनीताने खीर दोनदा घेतली.

शनिवार, ९ ऑगस्ट
दुपारी विनीताने दार लावलं आणि पान मांडलं. म्हणाली, ‘जेवा गप. हयसर कोण नाय.’ मी माघार घेतलेली नाही, हे नोंदवून ठेवतो. तिचं मन मोडू नये म्हणून बसलो. भात तीनदा घेतला, तोही तिच्यासाठीच. तिने तोंडाला पदर लावला होता. रडत असावी.
हात धुतोय तोच काशीबाई दारात. तिच्या जावयालाही हे व्रत घ्यायचंय. दारू सुटेल म्हणते. मी म्हणालो, सगळे डबे घेऊन जा, आत्ताच. माणसाने त्याग करावा.
विनीता म्हणाली, ‘तसा नाय चलाचा. पयल्यांदा गुरूक सोबत जेवचा लागता.’
जावई उद्यापासून येतोय. दोन्ही वेळा.