राघोदादाला कळवण्याबाबतचं कलम

मृत्युपत्र लिहून ठेवणार महिपत बाबाजी शिगवण, बाप्तिस्म्याचं नाव पास्कल, वय सत्तावीस, शिक्षण सातवी नापास, धंदा सध्या सुके बोंबील, राहणार उत्तन, तालुका ठाणे. मूळ गाव संगमेश्वरच्या वर, डोंगरात. माझं डोकं ठिकाणावर आहे. दारू प्यायलेलो नाही आणि मागे उभं राहून कोणी लिहवून घेत नाही. माझ्या छातीतली झडप खराब आहे. मंगळवारी मुंबईच्या इस्पितळात ऑपरेशन आहे. वाचेन का म्हणून विचारलं तर डॉक्टर म्हणाले, अर्धं अर्धं. म्हणून आज शनिवारी लिहायला बसलोय. याआधी मी कधी काही लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे आधीचं रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

कलम १. घर नाही. मी राहतो ती खोली बर्नडेट मुनीस यांची, जाळी ठेवायची. मी त्यांना मावशी म्हणतो. खोली त्यांचीच आहे, माझ्या नातेवाइकांनी तिच्यावर हक्क सांगू नये.

कलम २. सायकल नाथाला द्यायची होती. नाथा म्हणजे भाईंदरच्या मिठागरावरचा माझा जोडीदार. पण ठाण्याला कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणारे बसतात, त्यांतल्या एकाने सांगितलं की ज्याला काही द्यायचं तो साक्षीदार चालत नाही. नाथाला विचारलं, सायकल पाहिजे की सही करतोस? तो म्हणाला, ‘सहीच करतो बाबा. तुझ्या सायकलला ब्रेक कुठंय?’ म्हणून सायकल मावशींची मुलगी रुथ हिला. ती शेजारच्या डोंगरी गावाला शिवण शिकवायला जाते. ब्रेक आधी बसवून घ्यावा.

कलम ३. ट्रान्झिस्टर, घोंगडी आणि पोस्टाच्या पुस्तकात असेल ते मावशींना. ट्रान्झिस्टरला डाव्या बाजूने थापट मारावी लागते.

कलम ४. जाळं विणायची सुई, शिंगाची. ही माझी नाही, मावशींचा मुलगा पास्कल याची आहे. तो यंदा जानेवारीत डोल जाळं लावताना होडीवरून पडला. वारा नव्हता, समुद्र सपाट होता. होडी त्याच्याशिवाय परत आली. सापडला नाही. सुई मावशींना परत द्यावी.

इथे थोडं लिहावं लागेल, नाहीतर पुढचं कलम कोणाला कळणार नाही. मी पंधराव्या वर्षी घरातून निघालो. कोल्हापूरला गुऱ्हाळावर होतो, मग वास्कोला, मग चेण्याला एका बागेत राखणीला, शेवटी मिठागरावर, मधे आणखी कुठे कुठे. आठ महिन्यांच्या वर कुठे टिकलो नाही. वास्कोला तर एका सर्कशीबरोबर... ते राहू दे. सत्तर साली उत्तनला सण बघायला आलो आणि पास्कलने किनाऱ्यावर हाक मारली की उगाच उभा आहेस तर बोंबील टांगायला ये. इथे बांबूच्या वलांड्या असतात, त्यांच्या दोऱ्यांवर बोंबील सुकवतात. मी डोंगरातला माणूस. एकेक बोंबील दोरीवर नीट आडवा ठेवत गेलो. अर्धी रांग झाली आणि वाऱ्याने सगळे वाळूत. पास्कल हसून हसून खाली बसला. मावशी आली आणि म्हणाली, ‘येड्या, एकल्याला कोन धरनार? एकाचे तोंडान दुसऱ्याचा तोंड आरकव, मंग टांग.’ दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, दोरीच्या दोन्ही बाजूंना एकेक सोडायचा. मग पडत नाहीत. ते मला त्या दिवशी आलं आणि मी राहिलो. पाच वर्षं झाली.

पास्कलने मला कधी धर्म शिकवला नाही. जेवायच्या आधी तो घाईघाईने क्रूस करायचा आणि लगेच गरम कालवणाने जीभ भाजून घ्यायचा. एकदा विचारलं, काय म्हणतोस तेव्हा? म्हणाला, ‘थँक्यू म्हनतो.’ बोंबलाला? ‘बोंबलाला पन.’ मी पण म्हणायला लागलो, आधी चेष्टेत. मग चहाला, मग नाथा आला की त्याला, मग सकाळी डोळे उघडले की कोणाला ते न ठरवता. मला दम लागायचा तेव्हा पास्कल रोज होडीवरून येऊन माझ्याशी पत्ते खेळायचा आणि लबाडी करून हरायचा. एके दिवशी मी त्याला म्हटलं, मला तुझ्या देवळात घ्या. तो म्हणाला, देऊळ माजा न्हाय, फादरला विचार, पन तुजा धर्मबाप मीच.

तो गेल्यावर एप्रिलमध्ये माझा बाप्तिस्मा झाला. धर्मबाप म्हणून त्याचे काका सेबॅस्टियन उभे राहिले. पाणी गार होतं, एवढंच आठवतं. जानेवारीपासून मला काही वाटत नाही. रडू नाही, हसू नाही, मंगळवारची भीती पण नाही. मावशीला सांगितलं, मी फसवून ख्रिस्ती झालो की काय, मला आत काहीच होत नाही. ती म्हणाली, ‘मना पन न्हाय होत. चल, बोंबील उतरवायचे हायत.’ आम्ही उतरवले. जेवताना अजून थँक्यू म्हणतो. पायाला मुंग्या येऊन तो बधिर झाला तरी पाय असतो, तसं काहीतरी असावं.

कलम ५. मला जाळू नये. उत्तनच्या कबरस्तानात पुरावं. फादरना विचारलं आहे, त्यांची हरकत नाही. खर्च वरच्या पुस्तकातून.

कलम ६. (खोडलं आहे, पण वाचता येतं.) माझा थोरला भाऊ राघो याला मला पुरून होईपर्यंत कळवू नये. तो प्रेत गावी नेऊन जाळील. शिवाय आमची आई सरूबाई गेली तेव्हा त्याने मला तेरावं झाल्यावर कार्ड टाकलं. माझ्या वेळीही त्याला कार्डच टाकावं, तेराव्या दिवशी.

आज रविवार. मिस्साहून आल्यावर मावशीला सगळं वाचून दाखवलं, कारण हा कागद तिच्या ट्रंकेत राहणार आणि अंमल तीच करणार. तिला वाचता येत नाही. कलम सहापर्यंत ती ऐकत होती. मग म्हणाली ते कार्ड आण. आणलं. हातात घेऊन तिने उलटसुलट केलं.

‘ह्या रेघा कसल्या?’

मी सांगितलं, खोडलेले पत्ते. कोल्हापूर, वास्को, चेणे. नंतर मिठागर, तिथे मिळालं.

‘मंग तो तुला शोधीत व्हता.’

मला हे माहीत होतं. कार्ड आलं त्याच दिवशी दिसलं होतं. तारीख आई गेल्याच्या दुसऱ्या दिवसाची आहे. तेरावं वाटेत उलटलं. मी निघताना घरी कुठलाच पत्ता दिला नव्हता; दादाने कोल्हापूर कुठूनतरी शोधून काढलं आणि पुढे जागोजागच्या लोकांनी पत्ता बदलून कार्ड पाठवलं. पण रागावलेलं सोपं पडतं, मी पाच वर्षं तेच धरून बसलो.

ती म्हणाली, ‘माजा पास्कल मना बघाया मिलला न्हाय. तुजे भावाला मी तसा ठेवनार न्हाय. कलम काढ, न्हायतर कागद घेऊन जा.’

हे बोलताना ती बोंबील मोडत होती, हात थांबले नाहीत. कलम खोडताना मलाही काही वाटलं नाही. पण खोडलं. त्याच्या जागी पुढचं समजावं.

कलम ६, नवीन. मी गेलो की पहिलं काम, राघो बाबाजी शिगवण यांना तार. पत्ता मागे लिहिला आहे. दादा येईपर्यंत मला पुरू नये. संगमेश्वरहून एसटीने दीड दिवस धरावा. तोवर मला मच्छीच्या बर्फात ठेवावं, सेबॅस्टियनकाका बर्फ द्यायला तयार आहेत. चेहरा झाकू नये. पहिली माती दादाने टाकावी. तो जाळण्याचा हट्ट धरेल, तेव्हा त्याच्याशी भांडू नये, त्याला जेवायला घालावं आणि हे कलम वाचून दाखवावं: दादा, मला इथेच राहू दे, ही पहिली जागा आहे जिथून मी निघालो नाही. गावी जाऊन त्याने तेरावं घातलं तर माझी हरकत नाही.

कलम ७. तारेत जास्त शब्द नकोत. एवढंच लिहावं: महिपत उत्तनला आहे. आम्ही थांबलो आहोत. ये.

वरील सर्व वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली. त्यांना यातलं काही मिळणार नाही, हे त्यांना सांगितलं आहे.

महिपत पास्कल शिगवण

साक्षीदार:
१. सेबॅस्टियन मुनीस, राहणार उत्तन
२. नाथा शिवा पाष्टे, राहणार भाईंदर (डाव्या अंगठ्याची निशाणी)

ठिकाण उत्तन. रविवार, ता. १६ नोव्हेंबर १९७५