ओटीचा नारळ बोटीवर चालत नाही

टाकानिनी, ऑकलंड
९ एप्रिल

ती. आई यांच्या चरणी मकरंदचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच घालतो आहे. प्रत्यक्ष घातला तर उठवायला माणसं लागतील.) तुमचा डावा गुडघा, तुमचं ब्लडप्रेशर आणि परसातला तो न फळणारा पेरू, तिघांची तब्येत ठीक असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही सुखरूप आहोत. स्वरदा बरी आहे. इरा बारा वर्षांची झाली आणि मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते, म्हणजे तीही बरी आहे. माझं पोट मात्र महिना झाला तरी नारळाचं नाव काढलं की कुरकुरतं. त्याचं कारण पुढे येईलच.

फोन असताना जावई पत्र कशाला लिहितो, असं तुम्हाला वाटेल. तर आई, फोनवर भाजीचे भाव, शेजारच्या सुनेचे गुण, माझ्या वाढलेल्या वजनाची बातमी, सगळं तुम्हाला लख्ख ऐकू येतं, पण "न्यूझीलंडला कधी येता?" एवढं विचारलं की नेमकी कराडची रेंज जाते. गेल्या दिवाळीत एकदाच ती टिकली, तेव्हा तुम्ही म्हणालात की माझ्या दोन मुली एका देशात राहून एकमेकींशी बोलत नाहीत, मी तिथे येऊन कुणाच्या दारात बसू? दोघी एका पंगतीला बसल्या की कळवा, मग बघू. हे मी लक्षात ठेवलं होतं. आता कळवतो आहे, पण क्रमाने कळवतो, कारण मी इंजिनिअर माणूस आहे आणि आधी शेवट सांगितला तर तुम्ही मधलं वाचणार नाही.

अण्णा गेले ती जुलैतली पहाट तुम्हाला मी नव्याने काय सांगायची. करोनामुळे या देशाचं दार बंद होतं, दोघींपैकी कुणालाच येता आलं नाही. तुमचा फोन नेपियरला देवयानीताईंना आला, आणि त्यांनी स्वरदाला पाच तास कळवलं नाही, कारण त्या दिवशी स्वरदाची फार्मासिस्टच्या नोंदणीची परीक्षा होती. स्वरदा परीक्षा देऊन हसत बाहेर आली आणि मग तिला कळलं. ती त्या हसण्यासाठी स्वतःला माफ करू शकली नाही, आणि स्वतःला रागावता येत नाही म्हणून ताईंवर रागावली. तेव्हापासून साडेचार वर्षं दोघींचा अबोला. आमच्यापासून नेपियर गाडीने साडेपाच तासांवर आहे, पण आमच्या घरात त्या गावाचं नाव हवामानाच्या बातम्यांतसुद्धा कुणी मोठ्याने घेत नसे.

आता एक कबुली. या साडेचार वर्षांत मी आणि ताईंचे यशोधनराव दर रविवारी गुपचूप फोनवर बोलत आलो आहोत. मी गवत कापायला म्हणून मागच्या अंगणात जातो, ते कचऱ्याचे डबे रस्त्यावर ठेवायला म्हणून बाहेर पडतात. (आमच्या अंगणातलं गवत या भागात सर्वांत बारीक कापलेलं आहे.) साडू-साडू एकाच माळेचे मणी, तेव्हा एका रविवारी आम्ही कट केला. ऑकलंडहून एक पर्यटनाची बोट निघते, ती नेपियरला सकाळी आठला लागते आणि दुपारी चारला सुटते. मधल्या वेळात प्रवासी गाव बघतात. स्वरदाला बोटीवर न्यायचं, गाव बघायच्या निमित्ताने उतरवायचं आणि सरळ ताईंच्या दारात उभं करायचं. पुढचं दोघी बघतील. ही योजना कागदावर इतकी सुंदर दिसत होती की तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

बोटीचं वर्णन लिहीत नाही, कारण लिहिलं तर तुम्हाला वाटेल जावई चैन करतो. एवढंच सांगतो की तिथे चोवीस तास खायला मिळतं आणि स्वरदाने तरीही मेतकूट नेलं होतं. नेपियर जवळ आलं तशी मी तिला सांगितलं की बोटीच्या सहलींच्या जागा संपल्या, म्हणून मी खासगी गाइड ठरवलाय. गावात शंभरेक वर्षांपूर्वी मोठा भूकंप झाला होता, त्यानंतर सगळं गाव एका विशिष्ट नक्षीत पुन्हा बांधलं, त्या इमारती बघायला जगभरातून लोक येतात. स्वरदा म्हणाली, बरं. नेपियरचं नाव काढल्यावर ती इतक्या सहज बरं म्हणाली, याचंही मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं. त्या दिवसांत मला बऱ्याच गोष्टींचं नवल वाटायला हवं होतं.

गाइड म्हणजे टेविटा. यशोधनराव सफरचंदांच्या ज्या पॅकिंग कारखान्यात यंत्रं सांभाळतात, तिथला हा सहकारी. मूळचा टोंगा बेटांवरचा, दारातून आत येताना वाकावं लागेल एवढा उंच, आणि मनाने लोण्याचा गोळा. त्याला आम्ही एकच गोष्ट सांगायची विसरलो, ती म्हणजे इमारतींची माहिती. "किया ओरा" म्हणून त्याने आम्हाला व्हॅनमध्ये बसवलं आणि पहिल्यांदा स्वतःचं चर्च दाखवलं. मग मुलगा रग्बी खेळतो ते मैदान. मग चुलतभावाची डेअरी, म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान. तिथे त्याने आम्हाला आइसक्रीम घेऊन दिलं आणि पैसे देऊ दिले नाहीत. स्वरदाने एका गुलाबी इमारतीकडे बोट दाखवून ही कधीची, असं विचारलं. टेविटाने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, जुनी आहे. हीप्स जुनी, म्हणजे इकडच्या भाषेत फारच जुनी. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. इराने माझ्या कानात विचारलं, "बाबा, इज धिस इव्हन अ टूर?" मी तिला गप्प बसायला सांगितलं, आणि ती लगेच गप्प बसली, जे तिच्या स्वभावात नाही.

शेवटी टेविटाने घोषणा केली की आता एका स्थानिक कुटुंबात चहा. व्हॅन टॅराडेल नावाच्या उपनगरात एका शांत रस्त्यावर थांबली. इकडे यशोधनरावांनी ताईंना सांगितलं होतं की कारखान्याचे कुणी पाहुणे येणार आहेत. ताईंनी दार उघडलं. समोर स्वरदा: गुडघ्यापर्यंतची पँट, टी-शर्ट, डोक्यावर उन्हाची टोपी आणि पायांत जँडल्स, ज्यांना आपण कराडात सपाता म्हणतो. मी मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली आणि दुसऱ्या ओळीला अडखळलो. शेवटी ताई म्हणाल्या, "चपला बाहेर काढ, आत्ताच फरशी पुसलीय." स्वरदाने निमूट काढल्या. मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लागलं.

आम्ही चौघं, मी, यशोधनराव, टेविटा आणि इरा, ओसरीवजा लाकडी फळ्यांवर रांगेत बसलो. आतून आवाज वाढत गेला. टेविटा घाबरला, पोलिसांना बोलवायचं का म्हणून विचारू लागला. आम्ही दोघं साडू मात्र खूश होतो. ज्या बायका साडेचार वर्षं बोलल्या नाहीत त्या निदान भांडत होत्या, आणि भांडण ही आपल्याकडे बोलण्याचीच एक रीत आहे. मग स्वरदाचा आवाज फुटला. तुला काय अधिकार होता, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. मग ताईंचं बोलणं आलं, हळू, पण खिडकी उघडी होती.

"मला कुणीतरी सांगितलं तेव्हा माझे अण्णा गेले, स्वरू. मला वाटलं, तुझे अजून पाच तास असू देत."

यशोधनराव बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागले. मला रडू आलं, आई, हे लपवत नाही. बऱ्याच वेळाने मिक्सर सुरू झाला. ताईंच्या घरी चटणी वाटली जात होती, म्हणजे जेवण होणार होतं.

जेवलो. दोघी एका पंगतीला बसल्या, नोंद घ्यावी. बोलता बोलता अडीच वाजले, आणि साडेतीनच्या आत बोटीवर चढायचं होतं. आम्ही निघालो तर ताई म्हणाल्या, थांब, इतक्या वर्षांनी माझ्या घरी आलीस, तशी कशी जाशील. त्यांनी देवापुढचा नारळ घेतला, तांदूळ, खण, आणि फळ म्हणून त्यांच्याकडची तीन सफरचंदं. पण ओटी भरायला पदर कुठे आहे? शेवटी इराचा पोहण्याचा टॉवेल पुढे आला. त्यावर तोंड उघडलेला शार्क आहे. त्या शार्कवर माझ्या बायकोची ओटी भरली गेली. हळदकुंकू लावताना टोपी काढायची राहिली, तेव्हा ती ताईंनीच मागे सरकवली आणि मग तिथेच हात ठेवून उभ्या राहिल्या.

आता खरं संकट. बंदराच्या फाटकाशी बोटीचा एक तरुण कर्मचारी टेबल मांडून बसला होता. त्याने अत्यंत नम्रपणे सांगितलं की बाहेरचं कुठलंही अन्न बोटीवर चालत नाही. नारळ नाही, तांदूळ नाही, सफरचंद नाही. टेबलाशेजारी एक मोठा डबा होता, त्यात टाका म्हणाला. स्वरदाने त्या डब्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मी लग्नानंतर दोनदाच पाहिली आहे. ओटी टाकायची नाही, परत करायची नाही आणि परक्याला द्यायची नाही, असं तिने मला ऐकवलं. (हे नियम तुमचेच आहेत म्हणे.) मग ती शांतपणे म्हणाली, "नारळ येणार नसेल तर मीही येणार नाही." पंचवीस मिनिटं उरली होती. आमचे पासपोर्ट, कपडे आणि मेतकूट बोटीवर होतं.

मी त्या तरुणाला हिंदू धर्म समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण माझाच अभ्यास तोकडा पडला. तेवढ्यात टेविटा व्हॅनमधून उतरून आला. काय झालं ते त्याने ऐकलं आणि त्या तरुणाला एकच प्रश्न विचारला: पोटातून गेलेलं चालतं का? तो म्हणाला, पोटाची तपासणी आमच्याकडे नाही. "स्वीट अ‍ॅज," टेविटा म्हणाला, म्हणजे आपल्या भाषेत झकास. त्याने नारळ डाव्या तळहातावर धरला, व्हॅनच्या पान्याने मध्यावर गोल फिरवत चार टोले घातले, आणि दोन वाट्या अशा काढल्या की मी आजवर फोडलेल्या सगळ्या नारळांची मला लाज वाटली. पाणी इराच्या बाटलीत. मग आम्ही घरच्या तिघांनी बंदराच्या फाटकाशी उभं राहून एक अख्खा नारळ आणि तीन सफरचंदं वीस मिनिटांत संपवायला घेतली. नऊ मिनिटं उरली तेव्हा एक वाटी शिल्लक होती आणि माझा जबडा चालेना. स्वरदाने टेविटाकडे बघितलं आणि म्हणाली, तुम्ही माझे भाऊ, या. भावाने ती वाटी चार घासांत संपवली. तांदळांचा प्रश्न राहिला, कारण कच्चे तांदूळ भावालाही खाता येईनात. ते स्वरदाने खणाच्या कागदात बांधून टेविटाच्या हाती ताईंकडे पाठवले आणि निरोप दिला, "तिला सांगा, माझे तांदूळ आहेत, मी न्यायला येते." खण तेवढा बोटीवर चढला.

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही गाडी घेऊन गेलो आणि त्या तांदळांची खीर खाऊन परवाच आलो. आता दोघी रोज फोनवर असतात. पूर्वी माझ्या वजनाविषयी एकच बाई बोलत असे, आता दोघी मिळून बोलतात, आणि यशोधनरावांचंही तेच झालंय. गवत मात्र वाढलंय, कारण रविवारी बाहेर जायचं कारणच उरलं नाही. तेव्हा तुमची अट पुरी झाली आहे, असं सादर करून थांबतो. पेरूला पाणी कमी घालून बघा.

तुमचा आज्ञाधारक (असं स्वरदाने लिहायला सांगितलं),
मकरंद

ता. क. १: पत्र इराला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "आई न्यू, बाबा. बिफोर वी ईव्हन लेफ्ट." मला आलेला यशोधनरावांचा निरोप म्हणे इराच्या टॅबवरही उमटला होता आणि तिने तो निघण्याआधीच स्वरदाला दाखवला होता. मी स्वरदाला विचारलं. ती म्हणाली, "मला आपणहून जाता येत नव्हतं. कुणीतरी फसवून न्यायला हवं होतं." म्हणजे आमच्या कटातली सर्वांत हुशार व्यक्ती कटाबाहेर बसली होती.

ता. क. २: तुम्ही आधी कुणाकडे उतरणार यावरून दोघींचं काल पुन्हा भांडण झालं. काळजी नसावी, आज सकाळी मिटलं.

ता. क. ३: खरं पत्र आता लिहितो. तीन वर्षांपूर्वी आम्ही सुट्टीला येऊन कराडहून परत निघालो, तेव्हा स्वरदाची ओटी भरायला तुम्ही शेजारच्या काकूंना बोलावलंत आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहिलात. अण्णा गेल्यापासून ते आपलं काम नाही, असं तुम्ही ठरवलंत. तुम्ही हे कुणाला बोलला नाहीत, पण स्वरदा मुंबई ते सिंगापूर त्यासाठीच रडत होती, आणि देवयानीताईही आल्या तेव्हा तसंच झालं, हे त्यांनी खिरीच्या दिवशी सांगितलं. शास्त्र मला कळत नाही. पण या दोघींना विचारलं तर दोघींचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं आहे, आणि ते तुम्हाला लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. ऑक्टोबरात या, व्हिसाचे कागद मी भरतो. दोघी साड्या नेसून, पदर पसरून शेजारी शेजारी बसणार आहेत आणि तुम्ही भरल्याशिवाय उठणार नाहीत. आई, दोघीही तुमच्याच मुली आहेत, खरोखरच उठणार नाहीत.