चुकांच्या बरण्या आणि मामींच्या गोळ्या

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुमची तब्येत कशी आहे? मामींची? उठताना त्यांना चक्कर वगैरे येत नाही ना? (सहज विचारतो.) फोनच केला असता, पण फोन मामी उचलतात, आणि ‘घाबरू नका’ हे मी इतक्या घाबऱ्या आवाजात म्हणतो की ऐकणाऱ्याचं बीपी तिथल्या तिथे वर जातं. स्वतः आलो असतो, पण माझा चेहरा आवाजापेक्षा वाईट आहे.

तर दवाखान्यात मी एक खूळ काढलंय. चूक झाली की चिठ्ठीवर लिहायची आणि बरणीत टाकायची. औषधाची बरणी वेगळी, तपासणीची वेगळी, निरोपाची वेगळी, आणि उरलेल्यांसाठी एक मोठी. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही, म्हणजे कोणी घाबरणार नाही. माझ्याखेरीज कोणी घाबरलंही नाही. कंपाउंडर आणि रिसेप्शनच्या बाई तर हौसेने लिहायला लागले. ‘डॉक्टरांनी पेशंटऐवजी सोबत आलेल्या जावयाला झोपवून त्याचंच पोट तपासलं.’ (म्हणे नाव नाही!) आता त्या जावयाचं अपेंडिक्स खरंच सुजलेलं निघालं. मग ही चूक की निदान, यावर दोघे दुपारभर भांडले आणि बाकावरचे पेशंट आपापली मतं देत बसले.

मामी जेवतात ना नीट? घाम वगैरे?

काल त्याच नादात कपाट आवरताना मामींसाठी काढून ठेवलेली बीपीच्या गोळ्यांची पांढरी पट्टी जागेवरच दिसली. मग मी धाडलं काय? परक्या पेशंटचं पाकीट मला दाखवल्याशिवाय कंपाउंडर हातातून सोडत नाहीत. नातेवाईक म्हटलं की मात्र गोळ्या संपल्याचं जेवता जेवता फोनवर ऐकायचं आणि तुमच्याकडे निघालेल्या कुणाच्या तरी हाती न बघताच पट्टी कोंबायची. घरच्या माणसाला कोण तपासतं? ही चूक (झाली असलीच तर) कोणत्या बरणीत घालू, असं विचारलं तर कंपाउंडर म्हणाले, “आधी मामींना विचारा, मग बरणी बघू.”

काळजी नसावी. माझ्याकडे आहे ती दोघांना पुरेल.

तुमचा भाचा

ता. क. पट्टी निळी असेल तर गोळ्या दुप्पट ताकदीच्या आहेत, एकही देऊ नका. घेतल्या असतील तर मामींना आडवं करा आणि पत्र आणणाऱ्या आमच्या रिसेप्शनच्या बाईंना बीपी बघू द्या, यंत्र त्यांच्या पिशवीत आहे. उत्तर मिळाल्याशिवाय त्या हलणार नाहीत.

आणखी एक ता. क. मामी माझी औषधं घेत नाहीत, गुपचूप डब्यात टाकून देतात, हे मला ठाऊक आहे. आजवर त्याचं फार वाईट वाटायचं. मामा, या खेपेला तरी त्यांचा माझ्यावर विश्वास बसलेला नसू दे.