मागं सरलेली पलटण

मु. आसगाव, ता. पवनी, जि. भंडारा

जवाईबापू प्रफुल्लराव यांस, रिटायर हवालदार तुलारामचा जय भीम अन् पाठोपाठ जय हिंद. तुमची पाठ, आमच्या लेकीचे, प्रतिक्षाचे गुडघे अन् तुमचा नवा फ्रीज, तिन्ही बरे असतील. तुमचा राग कसा आहे ते विचारत नाही. मी ठणठणीत आहे (तुमच्या सासूबाई विमलाबाईच्या मते नको तितका).

फौज सुटली, पण शिटी सुटली नाही. एकाहत्तरची लढाई पाहिलेला माणूस पहाटे अंथरुणात पडून राहील कायले? गावच्या पोरापोरीयले भरतीसाठी पळवतो. उरल्या वेळात तलावाचा गाळ, बंद पडलेला हँडपंप अन् लग्नातली पंगत (कोणी न सांगता) सांभाळतो. तं झालं असं, शेजारच्या सुशीलाबाईचा हात मोडला अन् धानाचा रोवणा अडला, रोपं लावायची तशीच राहिली. मजूर मिळेना. मी सारी पलटण तिच्या बांधीत, धानाच्या चिखलात उतरवली अन् स्वतः शेताच्या कडेला धुऱ्यावर उभा राहिलो. आता रोवणा मागं सरत सरत करतात, हे मले माहीत नव्हतं असं नाही. पण ज्यायले वर्षभर 'फौजी मागं हटत नाही' शिकवलं, त्यायले मागं सरा म्हणायले जीभ वळेना. दिला हुकूम, आगे बढ! पोरं बढली. जे रोप लावत, तेच पुढच्या पावलानं चिखलात गाडत. सुशीलाबाई मोडक्या हातानिशी धुऱ्यावर उभी राहिली अन् मले अशा शिव्या दिल्या, का दुश्मनानंही कधी दिल्या नव्हत्या.

तेवढ्यात आपली तृप्ती (तुमचीच लेक, शाळेपासून आमच्याकडं असते, रागात विसरले असाल म्हणून सांगतो) चिखलातून ओरडली, "पलटण, एक कदम पीछे चल!" सारे मागं सरले. मीही सरलो, अन् धुऱ्यावरून घसरून थेट बांधीत बसलो. सांजेपर्यंत रोवणा आटोपला. सुशीलाबाईनं साऱ्यायले चहा पाजला, मले शेवटी.

तुमचा सासरा (अजून कंबर शेकून राहिलेला),
तुलाराम

ता. क. : तृप्ती रविवारी सकाळच्या गाडीनं वरठी स्टेशनवरून ट्रेनिंगले निघून राहिली. तिची फौजेत निवड झाली तवापासून तुम्ही तिच्याशी बोलत नाही. एकदा नाही म्हटलं का मागं सरत नाही, म्हणता. पोरगी रोज फोन उशाखाली ठेवून झोपते. जवाईबापू, जो मागं सरते त्याचंच रोप उभं राहते. स्टेशनवर या.

आणखी ता. क. : विमलाबाईले हे वाचून दाखवलं. ती म्हणे, माझं नाव घालून लिहा. लिहून राहिलो: "एकाहत्तरात यांची सुटी तोडून बोलावणं आलं तवा मी माहेरी होती. स्टेशनवर पोचली तं गाडी निघून गेली होती. हे परत आले, पण ती गाडी मले अजून दिसते. तुम्ही वेळेवर या."