धारूरला रेंज नसते

2 नोव्हेंबर 2025, रविवार

आज रविवार, म्हणून उगीच बोर्डिंगमधला रविवार आठवला. औरंगाबादचं कॉन्व्हेंट. जेवणं झाली की सिस्टर फिलोमिना सगळ्यांना घरी पत्र लिहायला बसवायच्या. शीलाला आणि मला मिळून एक अंतर्देशीय. एकच बाक, एकच दौत. मी मोठी, म्हणून आधी मी लिहायचे. अर्धं माझं, अर्धं तिचं असं ठरलेलं होतं. माझं नेहमी थोडं जास्त व्हायचं. मग शीला मान वाकडी करून कडेच्या चिंचोळ्या पट्टीवर उभी ओळ लिहायची, आई, मी पण बरी आहे. पत्र चिकटवायचा मान मात्र तिचा. जिभेला डिंक लागला की खुदकन हसायची.

आता पाहा. रोज दोन जीबी. कुणाशी वाटून घ्यायला नको. पण रात्री बाराला उरलेलं सगळं जातं. सिस्टर ताटात शीत राहू द्यायच्या नाहीत आणि ही कंपनी रोज माझं भरलेलं ताट ओतून देते! मी नऊला झोपते, म्हणजे आणखी नुकसान.

निश्चय: उद्यापासून थेंबभरही वाया जाऊ द्यायचा नाही. सगळा डेटा शीलावर खर्च करायचा. धारूरला एकटी असते बिचारी. शिक्षकांचे, बँकेतल्या लोकांचे डबे करते. तिला दुसरी करमणूक काय?

3 नोव्हेंबर

उत्तम सुरुवात. सकाळी सुविचार, मग धबधबे, मग गुडघ्यांचे व्यायाम, मग तीन प्रकारचे पोहे. संध्याकाळी तरीही डेटा उरला. म्हणून दूध तापताना त्याचा व्हिडिओ घेतला, उतू जाईपर्यंत. छबुबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, बाई, कावून एवढं दाबता त्या फोनाला, दूध गेलं की सगळं! तिला मोठं चित्र दिसत नाही.

शीलाचं उत्तर आलं. ताई पुरे गं, माझ्या ऑर्डरी खाली जातात, माझा पॅक दुपारीच संपतो. लहानपणापासून संकोची. आवडलं की आधी नको म्हणायचं.

4 नोव्हेंबर, मंगळवार

सकाळपासून जोरात पाठवलं. अकरापर्यंत दोन-दोन टिक. नंतर एकच टिक. दुपारी एकच. संध्याकाळी एकच.

धारूरची रेंज गेली. डोंगराकडेचं गाव, दुसरं काय होणार.

फोन लावला. बिझी. परत लावला. बिझी. डब्यांचं काम वाढलेलं दिसतं. बरं आहे.

6 नोव्हेंबर

एकच टिक. वाहेदभाईच्या दुकानात गेले. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी त्याचं मोबाईलचं दुकान. त्याला सांगितलं, रिचार्ज वाढवा. तो म्हणाला, मॅडम, तुमचा रिचार्ज तर बारा दिवस हाय अजून. मग मी त्याला विचारलंच, अठ्ठावीस दिवसांचा महिना कुणी ठरवला? वर्षात तेरा रिचार्ज होतात. माझी पेन्शन मात्र बाराच वेळा येते. वाहेदभाई म्हणाला, लई लोकांनी इचारलं मॅडम, मलाच इचारतेत, जसा काय मीच टावर बांधला.

माझा मुद्दा त्याला पटला, असं मी धरते.

त्याने सांगितलं की फाईव्ह-जी घेतलं तर डेटा मोजायची भानगडच नाही. हवा तेवढा. पण त्याला नवा फोन लागतो. विचार करते. एवढा खर्च बरा नाही.

9 नोव्हेंबर, रविवार

अजून एकच टिक. सहा दिवस धारूर अंधारात आहे आणि पेपरात एक ओळ नाही.

आज मनातलं लिहूनच टाकलं. हे गेल्यापासून मी एकटी, भाऊजी गेल्यापासून ती एकटी. दोन चुली कशाला? लिहिलं, शीला, अंबाजोगाईला ये राहायला. पुढची खोली तुझी. दवाखाने जवळ, देऊळ जवळ, मी जवळ. डबे पुरे झाले आता. कळव.

चारदा खोडून पाचव्यांदा नीट जमलं. पाठवलं. एक टिक.

दुसरी टिक येईपर्यंत काही पाठवायचं नाही, म्हणजे हा मेसेज दबून जाणार नाही.

10 नोव्हेंबर

मेथीच्या लाडवांचा व्हिडिओ पाठवला. थंडी आली, तिला लागेल.

14 नोव्हेंबर

नवा फोन घेतला. खर्च झाला, पण बहिणीपुढे खर्च काय. वाहेदभाईने सिम घातलं, कोपऱ्यात 5G उमटलं आणि मला भरून आलं. तिथेच उभ्याने बघितलं. एक टिक.

मी म्हटलं, आता तर माझ्याकडून काही कसूर नाही. तो म्हणाला, न्हाई मॅडम, तुमच्याकडनं लईच झालं.

एक अडचण मात्र. डेटा आता संपतच नाही. रात्री झोपताना किती वाया गेला ते कळायचीही सोय नाही.

19 नोव्हेंबर

पुढच्या खोलीला रंग दिला. फिका निळा, शीलाला आवडतो. निदान शाळेत आवडायचा. नवी खाट, कापसाची गादी, मच्छरदाणी. छबुबाई गादीवर हात फिरवून म्हणाली, ताईसाब येनार हायेत का? म्हटलं, येणारच. म्हणाली, तसं बोलल्या का? म्हटलं, मेसेज वाटेत आहे. छबुबाई म्हणाली, धारूर ते अंबाजोगाई यस्टी दीड तासात येती बाई, ह्यो मेसेज काय बैलगाडीनं निघाला का?

तिला ढग, उपग्रह वगैरे समजावून सांगितलं. भांडी आपटत गेली.

22 नोव्हेंबर

छतावर पांढरा डबा बसवला. तो हवेतूनच फाईव्ह-जी ओढून घेतो आणि खाली राउटरमधून घरभर सोडतो. तारा नाहीत, खोदकाम नाही. राउटर शीलाच्या खोलीत ठेवला, खिडकीत. हिरवा दिवा लागतो. संध्याकाळी त्या खोलीत कुणीतरी जागं असल्यासारखं वाटतं.

वाहेदभाईची मेहेक बघायला आली. नर्सिंगचं शिकते. त्यांचे क्लास फोनवर चालतात आणि घरात चौघांत एक पॅक, त्यामुळे हिचं लेक्चर अर्ध्यात अडकतं. एवढा स्पीड बघून म्हणाली, आजी, तुम्ही एकट्या काय करणार एवढ्याचं? म्हटलं, एकटी नाही, दोघी असणार आहोत. तिला एक तास बसू दिलं. शीला आली की मात्र जमणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

एक टिक.

25 नोव्हेंबर

वाहेदभाईला नीट बसवून विचारलं. टॉवर कोणाचा, तक्रार कुठे करायची. तो काच पुसत बसला. मग म्हणाला, मॅडम, माझे ग्राहक हायेत धारूरला. सकाळीच बोललो. टावर फुल हाय. मी म्हटलं, मग माझ्या बहिणीच्याच घरी नसेल. तो म्हणाला, एकाच घराचा टावर कसा जाईन मॅडम, त्यांनी बहुतेक तुमाला... आणि थांबला. कुणाचा तरी फोन उघडून त्यात बघत बसला.

अर्धवट ज्ञान. आता मीच जाते. प्रत्यक्ष धारूरला उभं राहून रेंजचे फोटो काढायचे, तक्रार लेखी द्यायची, आणि येताना शीलाला बरोबर घेऊनच यायचं. गुडघ्यांना पट्टे बांधायचे.

27 नोव्हेंबर, गुरुवार

धारूरला जाऊन आले.

एस.टी.त फोन हातातच धरला होता. वाटेत एकदा रेंज गेली. बरं वाटलं. परत आली.

स्टँडवर उतरले तर कोपऱ्यात 5G, सगळ्या दांड्या भरलेल्या. रिक्षावाल्याला म्हटलं, किल्ल्याच्या बाजूने घ्या. तो म्हणाला, तिकडनं लांब पडतंय मावशी, कावून? म्हटलं, घ्या. किल्ल्यापाशीही फुल.

शीला दारात आली. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. म्हणाली, ताई? अगं, कळवलं का नाहीस?

मी म्हटलं, रोज तर कळवते.

तिने आत घेतलं. पाणी दिलं. कट्ट्यावर डबे उघडे मांडलेले, भाजी भरायची होती. भरता भरता बोलली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

म्हणाली, डोळ्याचं ऑपरेशन झालं, चार तारखेला. तुझ्याच गावात होते ताई. दोन दिवस. आदल्या आठवड्यात तुला लिहिलं होतं, मंगळवारी डोळ्याचं आहे, सोबत बसायला येशील का. तू त्यावर गुलाबाचं फूल टाकलंस.

मी म्हटलं, शक्य नाही. तिने फोन काढून दाखवला. फूल होतं. खाली माझे धबधबे.

मला वाचल्याचं आठवत नाही. फूल टाकल्याचंही आठवत नाही. मी सगळ्यांना फूल टाकते.

मग म्हणाली, डोळ्यावर पट्टी, उशाशी फोन, आणि तो थरथर थरथर. थांबेचना. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, कोन एवढं जीव टाकून ऱ्हायलंय गं तुझ्यावर? मी म्हटलं, बहीण हाय, इथंच ऱ्हाती. ती म्हणाली, मग येत कावून न्हाई? नर्स ओरडली, फोन बंद करा. पण ऑर्डरींसाठी फोन चालू लागतो. म्हणून तिलाच म्हटलं, बाई, हिचा एवढा एक नंबर बंद कर. तिने नाव वाचलं आणि शेवटचं आलेलंही वाचून दाखवलं. डोळ्यांची निगा कशी राखावी. आम्ही तिघीही हसलो. मग मला रडू आलं, तर ती म्हणाली, रडू नका, टाके ओले होतील.

तेव्हापासून तसंच आहे, म्हणाली. म्हणजे रेंज कधी गेलीच नव्हती, बंद होते ती एकटी मीच.

पण नऊ तारखेचा मेसेज तिला मिळाला नव्हता, हा मुद्दा राहिला. म्हणून तोंडीच विचारलं. खाट, गादी, निळा रंग, सगळं सांगितलं. राउटरही सांगितला. शीला हसली. म्हणाली, नको गं, तू मधल्या खोलीतून पुढच्या खोलीत पाठवत बसशील. मी पण हसले. वाटलं, जमलं.

मग चष्म्याखालून डोळे पुसून म्हणाली, खरंच नाही ताई. इथं दुपारी एक वाजला की दहाजण माझ्यासाठी जेवायचे थांबलेले असतात. तिथं माझ्यासाठी कोण थांबणार?

मी म्हटलं, मी.

तिने भाजीचा शेवटचा डबा बंद केला. ताट वाढलं. म्हणाली, जेव, गार होतंय.

जेवताना कुणाचा तरी फोन आला, उद्या दोन डबे जास्त. ती उठली. परत आली तेव्हा बोलणं दुसरीकडे गेलं होतं. निघताना स्टीलच्या डब्यात पिठलं आणि दोन भाकरी बांधून दिल्या, रात्री करत बसू नकोस म्हणाली. नंबर परत सुरू कर असं मी म्हटलं नाही.

येताना एस.टी.त फोन पिशवीत होता.

28 नोव्हेंबर

गुडघे. उठवत नाही. पिठलं सकाळी खाल्लं, गरम न करता.

छबुबाई आली की तिला सांगायचं, नाहीतर राहून जाईल.

राउटर आणि छतावरचा डबा मेहेकला. वाहेदभाई काढून नेईल, पैशाचं काही बोलायचं नाही. काढणं जमत नसेल तर तिने पुढच्या खोलीत येऊन बसावं, रोज, हवा तेवढा वेळ. किल्ली खिळ्याला आहे.

खाट छबुबाईला. गादीसकट. मच्छरदाणीही. मला कशाला बाई म्हणेल, तिकडे लक्ष द्यायचं नाही.

नवा फोन वाहेदभाईला परत. तो देईल ते घ्यायचं. बटनाचा जुना फोन कपाटातून काढून मला द्यायचा. वाजतो, तेवढं पुरे.

शीलाला तिचा डबा. घासून, पुसून, धारूरच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे. रिकामा डबा परत देत नाहीत, म्हणून तळाशी चिमूटभर साखर. आणखी काही घालायचं नाही. चिठ्ठीसुद्धा नाही.