फळ्यावरचा चार

प्रिय शेंडेफळ,

युनिटमधली सगळ्यांत धाकटी म्हणून हे नाव मीच तुला ठेवलं होतं. आता तू विभागप्रमुख झालीस, तरी दुसरं काही लिहायला हात वळत नाही. अक्षर लावून घे. सरांची चिठ्ठी वाचायला औषधवाल्यालाच बोलवावं लागतं, असं तूच म्हणायचीस.

तुझ्या काकूचं ऑपरेशन तू स्वतः करणार, असा काल फोन आला. आमची लेक आपल्या यकृताचा उजवा भाग आईला देतेय आणि तो तुझ्या हातून बसणार, हे ऐकून काकू रडली. मी बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घालत बसलो. पाणी सकाळीच घालून झालं होतं.

तो बसड्रायव्हर तू विसरली नसशीलच. त्याच्या भावाच्या यकृताचा तुकडा बर्फाच्या थाळीत होता. तू पट्टीने एकेका शिरेचं तोंड मोजून भिंतीवरच्या फळ्यावर आकडे लिहीत होतीस. पुढच्या भागातल्या शिरेसमोर तू सात मिलिमीटर लिहिलंस. पाचाच्या वर असली की दुसऱ्या शिरेचा तुकडा लावून ती जोडायची, नाहीतर त्या भागात रक्त शिरतं पण बाहेर पडत नाही, हे मीच तुमच्याकडून घोकून घेतलेलं. पण जोडायला पाऊण तास जादा लागला असता, आणि भराभर चालणाऱ्या माझ्या हाताचं सगळीकडे कौतुक होतं. मी ती शीर बांधून टाकली. ही जोडायची ना सर, असं तू विचारलंस, तर मी म्हणालो, लहान तोंडी मोठा घास नको. रक्त सुरू केल्यावर तेवढा भाग काळानिळा पडत गेला. ड्रायव्हर नवव्या दिवशी गेला.

ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळच्या बैठकीत मी सांगितलं होतं की तुझ्याकडून मला चार हे माप मिळालं. सगळे फळा पाहायला गेले. फळ्यावर चार होता. तू बराच वेळ त्याच्याकडे पाहिलंस आणि मान खाली घातलीस. महिन्याभरात तू नोकरी सोडलीस. मी थांब म्हणालो नाही. तू गेल्याचं मला बरंच वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते.

गेल्या वर्षी तुझं व्याख्यान मी मागच्या रांगेत बसून ऐकलं. तू मुलांना सांगत होतीस, माझ्या चुकीच्या मापाने एक माणूस गेला, म्हणून मी प्रत्येक शीर तीनदा मोजते. मी चहाला न थांबता चोरासारखा निघून आलो.

लेकीचा स्कॅन मी पाहिला. तशीच शीर आहे, तिथेच. ड्रायव्हरचं ऑपरेशन संपल्यावर सगळे हात धुवायला गेले तेव्हा मी सात पुसला आणि तुझ्या वळणाने चार लिहिला. काकूचं ऑपरेशन झाल्यावर हे सांगणं सोपं होतं, म्हणूनच आधी सांगतोय. तू नाही म्हणालीस तर काकूला आणि लेकीला कारण मी सांगेन. हो म्हणालीस तर ती शीर एकदाच मोज, शेंडेफळ. तुझं माप कधीच चुकलं नव्हतं.

तुझाच,
सर म्हणवून घ्यायची लाज वाटणारा